सरकारी गाईचा पान्हा

२ मार्च, सोमवार
आज सही केली. अंगठा न्हाई, सही. हवालदारानं शाईचा डबा पुढं केलता. मी म्हणलं ठिवा तो, पेन द्या. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात कंदिलाखाली बसले ते काय उगीच? दुष्काळाची चारा छावणी, समदी बघत होती. 'लक्ष्मीबाई'तला क्ष जरा आडवा पडला, पण पडला तिथंच बसला.
सही गाईसाठी. तांबडी संकरित गाय, कपाळावर पांढरा ठिपका. वडवणीच्या सलीम मेकॅनिकच्या टेम्पोतून पोलिसांनी उतरवली. आमच्या गावचा बप्पा म्हणतो, गाय माझी, छावणीतून चोरली. सलीम म्हणतो, माझी हाय, इकडं पाणी न्हाई म्हणून मावशीच्या गावाला नेत होतो. कानात बिल्ला न्हाई. बप्पाची बी तशीच गाय हरवलीय हे खरं, आमी समद्यांनी हुडकली. सलीमला आत टाकलतं, आता जामिनावर हाय. कोर्टानं सांगितलं, निकाल लागेस्तोर गाय तिसऱ्या माणसाकडं ठिवा. आमचा एक बैल गेल्या साली इकला, दावणीला जागा मोकळी. म्हणून मी.
इकायची न्हाई, कुणाला द्यायची न्हाई, तारखेला हजर करायची. वैरण छावणीची, दूध माझं.
हवालदार म्हणाला, आजी, ही गाय न्हाई आता, मुद्देमाल हाय. मी तिचं नाव सरकारी ठिवलं.

४ मार्च, बुधवार
छावणीत टीव्ही आला. दूध सोसायटीनं पत्र्याच्या शेडात बसवला, म्हंजी माणसं जनावरं सोडून गावाकडं पळायची न्हाईत. माणूस बी दावणीलाच बांधला म्हणायचा. पण मला आवडला.
सांजच्याला कोर्टाची मालिका लागती. वकील वरडतो, जज हातोडा आपटतो, जाहिराती होत्यात, तेवढ्यात गुन्हेगार पिंजऱ्यात रडून कबूल. न्याय असा पायजे, भाकरी थापता थापता. नात दिपाली म्हणती, आजे, खऱ्या कोर्टात हातोडा नसतो. मग जज लोकांना गप कसं करतो, म्हणलं.
क्रिकेट मला पटत न्हाई. दिसभर हुबं राहायचं, आन मधीच गाडीवरून पाण्याच्या बाटल्या येत्यात. अर्धं पित्यात, अर्धं डोक्यावर वतत्यात. त्या येळेला आमच्या टँकरपुढं हंड्यांची रांग. शेजारच्या दावणीची गिरजा तर उठूनच गेली, म्हणाली बघवत न्हाई.
कबड्डी लई आवडली. बॅट न्हाई, हेल्मेट न्हाई, नुसता श्वास. श्वास संपायच्या आत आपल्या घरी परत. आन लागलं का न्हाई लागलं ह्यावरून भांडण झालं की पडद्यावर फिरवून फिरवून दावत्यात, बोट कुठं होतं, पाय कुठं होता. हवालदार चहाला थांबलता, त्याला म्हणलं, तुमच्या खात्यात असं फिरवून दावायचं कावून न्हाई? तो म्हणाला, आजी, आमच्याकडं दुपारची लाईटच नसती.

८ मार्च, रविवार
सरकारी दूध देईना. कास भरलीय, ताणलीय, हात लावला की आत वढून घेती. वासरू न्हाई जवळ. पेंड दिली, गूळ दिला, पाठ खाजवली. दिपालीनं मोबाइलवर गाणं लावलं. बप्पाची म्हातारी सांगून गेली, कासंला कोमट पाण्याचा हात फिरीव. कोमट पाणी! हितं हंडाभर प्यायला मिळना.
गिरजा म्हणती, सरकारी हाय बाई, अर्ज केल्याशिवाय देणार न्हाई.

११ मार्च, बुधवार
दिलं!! चरवीभर दिलं!
झालं असं. सोसायटीचा किसन दूध न्यायला फटफटीवर येतो. तिची किक लई अवघड, म्हणून तो गाडी बंदच करत न्हाई. फडफडत हुबी ठिवतो आन कॅन भरतो. आज माझ्या दावणीपशीच लावली. मी सरकारीखाली बसलेली, नुसती आपली थान वढत. गाडी फडफडाया लागली तशी ह्या बाईनं मागचे पाय फाकवले, डोळे अर्धे मिटले, आन चारी थानं सुटली की. किसन निघून गेला, धार बंद.
सांजच्याला परत करून बघितलं. गाडी बंद, दूध बंद. गाडी चालू, दूध चालू. माणसं जमा झाली. एक जण म्हणला, हिला पेंड नको, पेट्रोल पाजा. मी इतकी हसले की चरवी कलंडली थोडी. दुष्काळात दूध सांडलं म्हणून वाईट वाटाया पायजे, पण न्हाई वाटलं.
किसन रोज दोन्ही येळंला थांबतो म्हणाला. ग्वाड पोरगा.

१४ मार्च, शनिवार
वडवणीला गेलते. दिपालीच्या कालेजची कबड्डी. मैदानावर पाणी मारलं नव्हतं, पोरी पडल्या की धुरळा. मी बायकांत फुडं बसले आन वरडून वरडून घसा बसवला. टीव्हीवरची कबड्डी काहीच न्हाई, हितं हाडं वाजलेली ऐकू येत्यात.
शेवटाला आमच्या दोघीच उरल्या, दिपालीला धरून. समोरची पोरगी आली, हात मारला, माघारी पळाली. पंचाला काहीच दिसलं न्हाई. त्यानं हात बी हलवला न्हाई. आन आमची पोर हात वर करून बाहीर! हरलो. एका गुणानं.
मला लई राग आला. बाहीर आल्या आल्या म्हणलं, अगं कुणी बघितलं होतं का?
"न्हाई."
"मग?"
"मला लागला ना पण, आजे."
आन पाणी पेली आन मैत्रिणींत गेली. रडली न्हाई, काही न्हाई.
एसटीला येळ होता म्हणून बाजारातून चालत गेले. सलीमचं गॅरेज रस्त्यालाच. एका गाडीशिवाय गिऱ्हाईक न्हाई, चोराच्या हातात गाडी कोण देतो. सलीम तीच गाडी चालू ठिवून कान लावून ऐकत होता. मागं पत्र्याला लागून एक खुंटा, दगडी गव्हाण, शेणाचा जुना डाग. गाडीपासून दोन हातावर.
मी तिथंच हुबी राहिले. मग एसटी चुकली.

१७ मार्च, मंगळवार
छावणी लागायच्या आधी बप्पाच्या गाई शेतातल्या आखाड्यावर, म्हंजी तिथल्या गोठ्यावर असायच्या. तिथं मोटार न्हाई, गाडी न्हाई, मोर वरडतो तेवढाच आवाज.
सरकारी माझ्या हातानं वैरण खाती आता. मी लांबून आले तरी मान वर करती. आमच्या दावणीला शोभती, जुन्या बैलाच्या जागंवर.
टीव्हीवर काय होतं ध्यान न्हाई.

२२ मार्च, रविवार
बप्पा आलता. वाईट माणूस न्हाई. सोसायटीचा डायरेक्टर, छावणीला चारा कमी पडला की तालुक्याला जाऊन भांडतो. खोटं बोलत न्हाई, फकस्त पयलं जे डोळ्यात बसलं ते हालत न्हाई. सरकारीच्या कपाळाला हात लावून म्हणाला, हाच तो ठिपका. आन मग म्हणाला, "आक्का, निकाल लागला की गाय तुझ्याच दावणीला राहू दे. मला धा जनावरं हायत. तू जीव लावलाय तिला."
मी चहा केला. दूध तिचंच.
चहा पिता पिता विचारलं, सलीमचं काय हुईल? बप्पा म्हणाला, कायदा बघून घेईल.
कायदा कुठून बघणार? लाईट न्हाई म्हणतो हवालदार.

२७ मार्च, शुक्रवार
सलीमची आई आली, जैनबबी. वडवणीहून उसाच्या वाढ्याची, हिरव्या शेंड्यांची पेंढी डोक्यावर घेऊन. एवढ्या उन्हात. मी म्हणलं ये, बस, गाय बघ. ती लांबच थांबली. वकिलानं सांगितलंय, हात लावायचा न्हाई, लोक म्हणतील काहीतरी शिकवून आली. पेंढी माझ्याकडं दिली. म्हणाली, "आक्का, खाती का नीट? उन्हाळ्यात नखरे करती."
खाती, म्हणलं.
तेवढ्यात किसनची फटफटी आली, फडफड फडफड. मी चरवी घेऊन बसले. जैनबबीनं किसनकडं बघितलं न्हाई, माझ्याकडं बघितलं न्हाई. आवाज आला तशी तिची नजर थेट कासंकडं गेली. माझ्या हाताला धार लागायच्या आधी.
पदर डोळ्याला लावून निघून गेली.
दिपालीला समदं सांगितलं. मला वाटलं ती म्हणंल, आजे, सांगून टाक. ती म्हणाली, तुझं तू बघ. आजकालची पोरं अशीच.

६ एप्रिल, सोमवार
कोर्ट! खरंखुरं!
नवं लुगडं नेसले. किसनच्या फटफटीमागं टेम्पो, टेम्पोत मी, दिपाली आन सरकारी. तिला कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बांधली. वकील लोक तिच्यासंगं फोटो काढीत होते.
आत हातोडा न्हाई. पिंजरा हाय, पण रंग उडालेला. कुणी वरडत न्हाई. जज बाई होत्या, बारीक आवाजाच्या, आन तरी समदे गप. मला आवडल्या. पण लई सावकाश. ह्यो कागद, त्यो कागद, फुडची तारीख. मालिकेत एवढ्या येळंत तीन खून सुटत्यात.
आमचं नाव आलं. एक वकील म्हणाला ठिपका आमचा, दुसरा म्हणाला अशा ठिपक्याच्या गाई धा सापडतील. सलीम खाली मान घालून हुबा. जैनबबी दारात. बप्पा फुडच्या बाकावर, माझ्याकडं वळून हसला. मी बी हसले. तिथंच बसून राहावं असं लई वाटलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी विचारलं बी नव्हतं.
मग माझा हात वर गेला.
शिपाई आला, आजी हात खाली. मी घेतला न्हाई. खांदा दुखाया लागला तरी न्हाई. शेवटाला जजबाईंनी बघितलं. "काय, आजी?"
म्हणलं, "बाईसाहेब, एक फटफटी लागंल."
समदे हसले. त्या न्हाई हसल्या. मी समदं सांगितलं, किसनचं, खुंट्याचं, गव्हाणीचं. बप्पानं एकदा मागं बघितलं, मग न्हाई.
मला वाटलं समदे आता लिंबाखाली येतील. तसं न्हाई. रीतसर अर्ज पायजे, सरकारी वकिलाशी बोला, फुडच्या तारखेला बघू. आन गाय तवर माझ्याकडंच.
बाहीर बप्पा भेटला. म्हणाला, "आक्का, माझी बी गाय गाडीच्या आवाजानं देत आसंल. मी कधी गाडी लावून बघितलीय?"
त्याचं बी खरं हाय की. दिपाली हसून हसून बेजार. म्हणाली, आजे, आता पंचच ठरवतील.
जैनबबीनं माझा खांदा दाबला, तोच, दुखरा.
सांजच्याला धार काढाया बसले. किसनचा कॅन भरून झाला, तो गाडीवर बसला. म्हणलं, किसन, आज जरा येळ चालूच ठिव. तो म्हणाला, पेट्रोल जळतंय आजी. म्हणलं, जळू दे. चरवी भरली तरी मी बसूनच राहिले. सरकारीनं मान वळवून माझा पदर चाटला.