गाडी मोकळी

सोमवार, ३
आजपासून अँब्युलन्सवर. चौतीस वर्षं ट्रक हाकला, आता घरी बसून भिंती बघायच्या का? लेकीने ही वही दिली. म्हणाली, बाबा, रोज लिहा, मन हलकं होतं. मन काय पोतं आहे? पण लिहितो. चौथी पास माणसाचं अक्षर, कोण वाचतंय! गाडी झकास, ब्रेक कडक. मागे सिस्टर असते, माझ्या लेकीच्याच वयाची, तोंडाने फटकळ. तिने गाडीतलं कॉलचं यंत्र समजावलं. पेशंट हॉस्पिटलात सोपवला की हिरवं बटण दाबायचं, म्हणजे गाडी मोकळी. लगेच पुढचा कॉल येतो. पण सगळे गेटवरच दाबतात, पेशंट आत असतानाच. चार मिनिटं वाचतात आणि कंट्रोल रूमची बाई खेकसत नाही. मला पटलं.

गुरुवार, ६
दुसऱ्या ड्रायव्हरची पाठ धरली. त्याची पाळी माझ्याच गळ्यात. सिस्टरच्या जागीही दुसरं कोणी नाही. सोळा कॉल. झोप बसल्या बसल्या, दीड तास. सिस्टर म्हणाली, काका, तुमचे डोळे बघून पेशंट उठून पळेल. मी म्हटलं, पळाला तर बराच झाला की.

रविवार, ९
ऑफिसातले साहेब येऊन खंबीर कसं राहायचं ते सांगून गेले. डोळे मिटा, लांब श्वास घ्या. मिटले ते सिस्टरने चिमटा काढला तेव्हा उघडले. कॉल होता. दुपारी पुलापासून गेटपर्यंतचा रस्ता आठवत नाही. गाडी मीच आणली म्हणे. संध्याकाळी एक माणूस गाडीतच गेला. काही वाटलं नाही. जेवलो.

मंगळवार, ११
सिस्टर माझ्या शेजारी बसलेली, मागे कुणी नाही. मागून पत्रा वाजला. तीनदा, हळू. तिनेही ऐकलं. म्हणाली सिलिंडर सैल असेल. थांबून आवळला. पुढच्या वळणावर परत तेच.

बुधवार, १२
एक जण विचारत आला. रविवारी शेजाऱ्यांनी फोन करून त्याच्या आईला आमच्या गाडीत घातलं होतं. पिवळा स्वेटर. कुठल्या वॉर्डात आहे? तीन दिवस शोधतोय. हॉस्पिटलच्या वहीत नाव नाही. आमच्या यंत्रात आहे. तीन दहाला गाडी मोकळी, तीन अकराला पुढचा कॉल. मी गेटवरूनच वळवली असणार. सिस्टर म्हणाली, उतरवली काका, मी स्वतः उतरवली. मग म्हणाली, नक्की आठवत नाही.
त्यानंतर चाळीस-पन्नास पेशंट त्याच स्ट्रेचरवरून गेले. म्हातारी गेली कुठे?
साहेबांना सांगितलं. म्हणाले लेखी द्या, गाडी थांबवू नका.

शुक्रवार, १४, सकाळ
ठोकणं चालूच. दार उघडलं की कोणी नाही. स्ट्रेचर गरम. पट्टे मी सोडले होते, आता बांधलेले. सिस्टर म्हणाली, आता पुढे बसायची नाही, मागेच थांबते, म्हातारी दिसली तर माफी मागेन. नको म्हटलं पोरी. ऐकेल तर ना.

शुक्रवार, दुपार
मागे सिस्टर आणि छाती धरलेला एक सुतार. गेट आलं. हाताने आपोआप बटण दाबलं. कॉल आला, वळवली. त्या घरी पोचून दार उघडलं –
सुतार नाही. सिस्टर नाही.
हॉस्पिटलच्या गेटवरच्या वॉचमनला फोन केला. म्हणाला, काका, गाडी थांबलीच नाही, कुणी उतरलंच नाही.

तीन वाजले असतील
साहेब म्हणतात दुसरी सिस्टर पाठवतो, पुढचा कॉल घ्या. घेत नाही. रस्त्याकडेला लावली. किल्ली गटारात फेकली.
ठोकतायत. आता तिघं –
मागचं दार उघडून वही घेऊन पायरीवर बसलोय. आत कोणी नाही. आतूनच ठोकतायत.
हात घातला. कुणीतरी धरला. सिस्टरचाच. गरम आहे. बाहेर ये म्हटलं तर मलाच आत ओढते. डाव्या हाताने लिहि
काका म्हणते. रागात नाही. म्हणते या, काका, इथे निवांत झोप ला–