मडक्याचा डावा हात

आर्णी
६ मार्च २००६

प्रिय साधनाताई,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र परवा मिळालं. ‘सर्व खुशाल असाल’ असं लिहायची पद्धत आहे, पण जिचा भाऊ महिन्याच्या वर नळीने श्वास घेतोय तिला हे कोणत्या तोंडाने लिहू? म्हणून सोडून देतो. दवाखान्याच्या वऱ्हांड्यातली फरशी गार असते, आईला खाली सतरंजी घालून दे. तिच्या गुडघ्यांना तेल लाव. मी बरा आहे. खांदा दुखतो, पण रवी सोबत होता तेव्हाही तो दुखायचा.

तू लिहिलंस की डॉक्टर आता सरळच बोलले. रानातून रोही धावत रवीच्या मोटारसायकलला आडवा आला त्याच दिवशी मेंदूचं काम जवळपास थांबलं, आता मशीनवर ठेवायचं की नळी काढून घरी न्यायचं ते घरच्यांनी ठरवा. आणि तुळसाआई म्हणते, “राजदीपले इचार, रवीच्या मनातलं त्यालेच माहीत.” ताई, हे ओझं माझ्या डोक्यावर कायले ठेवता? आम्ही एका ताटात जेवलो, एकमेकांना आपटून पोट भरलं, हे खरं. पण माणूस आपटणं वेगळं आणि हे वेगळं. याचं उत्तर पत्राच्या शेवटी लिहायचं म्हणूनच बसलोय. आधी इकडची हकिकत ऐक.

पंजाबरावांचा कुस्तीचा शो चालू आहे. रवी पडल्यावर बंद करतील असं वाटलं होतं, पण त्यांना एक नवीच लॉटरी लागली. मुंबईची एक कंपनी भुताचा पिक्चर घेऊन आली आहे, नाव ‘मडक्या’. एक बुजगावणं, डोक्याच्या जागी जळकं मडकं, वावरात उभं राहून माणसं गिळतं. कंपनीला त्याची जाहिरात गावोगाव करायची आहे आणि आमच्या रिंगणाइतकी गर्दी आता फक्त पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या की होते. पंजाबराव मिशीला पीळ देत म्हणाले, “आता आपन पिक्चरवाले झालो, दाढ्या करून येत जा!” नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

खेळ असा. बांबूवर बुजगावणं पहिल्यापासून रिंगणाच्या कोपऱ्यात उभं असतं, आत कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या ठासलेल्या. लोक त्याला विसरून जातात. मधल्या सुट्टीत आम्ही ते उचलून पडद्यामागे नेतो. तिथे काड्या उपसायच्या आणि मडकं, सदरा, हातमोजे कंपनीच्या उंच माणसाने अंगावर चढवायचे. सुट्टी संपली की मडक्या आपल्या पायांनी चालत रिंगणात येतो आणि जिंकलेल्या गड्याला, म्हणजे मला, लोळवतो. मग पंजाबराव भोंग्यावर पिक्चरचं नाव घेतात. बायका किंचाळतात, पोरं शिट्ट्या मारतात.

कंपनीने मडकं पाठवलं, हातमोजे पाठवले, सदरा मात्र विसरली. आमचा देवीलाल, तोच जो पडदे-दिवे सांभाळतो, त्याने पेटीतून रवीचा चौकड्यांचा सदरा काढून घातला. त्याच्या मनात काही नव्हतं, हाताला आला तो घातला. पण त्याची आई, आमचा स्वयंपाक करते ती सुखीबाई, पाहून भडकली.

“अरे, जित्या माणसाचा सदरा बुजगावण्याले घालतेत का? ज्याचा सदरा, त्याले ते वावरात उभं करते. मंग ना इकडचा, ना तिकडचा.”

मी हसलो. बावीस प्रतिज्ञा म्हणत वाढलेला माणूस मी, बुजगावण्याला काय भिणार? म्हटलं, “मावशी, रवी तसाबी ना इकडचा, ना तिकडचा हाये.” बोलून गेलो आणि माझं मलाच वाईट वाटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. सदरा तसाच राहिला.

कालचा शो इथल्या बंद जिनिंगच्या आवारात होता. यंदा कापूसच आला नाही म्हटलं तरी चालेल, मशिनी झाकून ठेवल्यात, मालकाने आवार फुकट दिलं. संध्याकाळी भारनियमन, म्हणून खेळ भर दुपारी. लख्ख ऊन होतं, ताई. भुताची गोष्ट सांगताना लोक अंधार घालतात, माझ्याकडे अंधार नव्हता.

सुट्टीनंतर मी अंगाला तेल चोळून रिंगणात उभा होतो. पडदा हलला, मडक्या आला. रोज तो कंपनीचा माणूस पाय आपटत, हात पसरून येतो, नट आहे ना. काल तो गुपचूप आला. आवार एकदम शांत झालं. समोर बसलेल्या एका म्हातारीने डोक्यावरचा पदर दातात धरला. सगळे पाहत होते आणि कोणी किंचाळलं नाही.

त्याने मला धरलं. मी नेहमीसारखी पाठीला मिठी मारून त्याला उचललं आणि हात तसेच राहिले. वजनच नव्हतं. सदऱ्याच्या आत काहीतरी करकर वाजलं, वाळल्या काड्यांसारखं. तरी पकड अशी की माझा खांदा जागचा हलेना. आम्ही खाली गेलो. तो वर, मी खाली.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुला सांगावी लागेल. आमच्या कुस्त्या ठरवलेल्या, नुरा, हे तुला माहीत आहेच. पण हाड खरंच मोडतं. म्हणून पकडीत असताना लोकांना दिसणार नाही असा जोडीदाराचा हात दाबायचा, म्हणजे ‘बरा आहेस ना?’ आणि तो दाबून उत्तर देतो. सगळे पंजाने दाबतात. एकटा रवी अंगठ्याने दाबायचा, डाव्या हाताच्या, माझ्या मनगटावर जिथे नाडी लागते तिथे. कंपनीच्या माणसाला यातलं काही शिकवलेलं नाही, त्याला हे माहीतच नाही.

काल मी सवयीने हात दाबला. आणि हातमोज्यातून अंगठा माझ्या नाडीवर आला.

ताई, तो रवी होता. मी शपथ घेणारा माणूस नाही, पण मुलाचा अंगठा आई ओळखते तसा मी तो ओळखतो.

पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. मडक्या उठला आणि पडद्यामागे गेला. देवीलाल फाटकावर जीपची वाट पाहत उभा होता. आवार गप्प झालं म्हणून मागे वळला तेव्हा मडक्या रिंगणात दिसला, त्याला वाटलं कंपनीचा माणूस दुसऱ्या बाजूने आला असेल. खेळ संपल्यावर तो पाणी घेऊन पडद्यामागे धावला, तर तिथे बुजगावणं आडवं पडलेलं. गळ्यापर्यंत काड्या ठासलेल्या, सुतळीच्या गाठी त्याने सकाळी मारल्या तशाच. तेवढ्यात फाटकात हॉर्न वाजला. जीप आली आणि आतून कंपनीचा उंच माणूस उतरला, “सॉरी भाई, रस्ते में टायर गया” म्हणत.

मी बुजगावणं पालथं करून सदरा पाहिला. पाठीवर माझ्या तेलकट पंजांचे ठसे होते, दोन्ही. देवीलालने ते पाहिले आणि मान खाली घालून बसला.

म्हणून इतकंच कळवतो की रवी आहे. कुठे आहे ते मला सांगता येत नाही, पण आहे. त्याने माझा हात दाबला. डॉक्टरांना सांगायची घाई करू नका. अजून लिहायचं होतं, पण देवीलाल टपालाच्या पेटीकडे निघाला आहे.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
राजदीप


बोरी अरब
१६ मार्च २००६

प्रिय साधनाताई,

सप्रेम जय भीम.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. धावजी ड्रायव्हर उद्या सकाळी नागपूरला जातोय, तो दवाखान्यात येऊन तुझ्याच हातात देईल. फोन केला असता, पण इथला एसटीडीवाला कान टवकारून बसतो आणि मला हे बोलताही येणार नाही. तू एकटी वाच. आईसमोर वाचू नको.

तुझं पत्र वाचून मी जेवलो नाही. माझ्या चिठ्ठीने आई उठून बसली, तुम्ही डॉक्टरांना ‘ठेवा’ म्हणून सांगितलं, आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला रवीचा हात दाबायला लावते. शेजारच्या पलंगावरच्या पाहुण्यांनासुद्धा. “राजदीपले देला जबाब, मले काहून देत नाही?” असं रवीलाच रागावते म्हणून तू लिहिलंस. ताई, माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही.

मी तुला अर्धंच लिहिलं होतं. हात दाबला असं लिहिलं, काय म्हणाला ते लिहिलं नाही.

आमची खूण अशी आहे. एकदा, लांब दाबलं तर ‘बरा आहे, चालू दे.’ दोनदा, तुटक दाबलं तर ‘बस, संपव.’ हा नियम रवीनेच घातला. सुरुवातीला मला म्हणाला होता, “दोनदा दाबलं का मंग इचारू नको, काहून म्हनू नको. लोकं ओरडले तं ओरडू दे. बस, आडवा पड.” आणि ज्याला ही खूण मिळाली त्याने एकदा दाबून सांगायचं, ‘समजलं.’ त्याशिवाय दुसरा पकड सोडत नाही. तो वाट पाहत राहतो.

पांढरकवड्याला एकदा त्याची बरगडी गेली तेव्हा त्याने दोनदा दाबलं. जिंकायचं मी ठरलेलं होतं, पण त्याला हरवायचं तर त्याच बरगडीवर बसावं लागलं असतं. म्हणून मी दाबून ‘समजलं’ म्हटलं आणि स्वतःच पाठ टेकली. लोकांनी चपला फेकल्या, पंजाबरावांनी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. रवी टेम्पोत पोट धरून बसला होता, मला म्हणाला, “लोकं उद्या इसरतीन. तू आयकलं, हे मी नाही इसरत.”

त्या दिवशी आर्णीला अंगठा दोनदा दाबला गेला, ताई. तुटक.

मला लगेच कळलं. कळलं म्हणूनच मी हात सोडवून घेतला आणि कळलं नाही असं दाखवत झोंबत राहिलो. पुन्हा अंगठा नाडीवर आला, पुन्हा दोनदा. मी पुन्हा सोडवला. तो रागावला नाही. रवीला माझा राग कधी आलाच नाही. तो दाबत राहिला आणि मी उत्तर दिलं नाही. पंजाबरावांचा भोंगा सुरू झाला तसा तो उठला आणि गेला. मी उत्तर दिलं असतं तर ते काय ठरलं असतं हे मला ठाऊक होतं. रवीवाचून मी कोणाशी लढू? मला तो हवा आहे, एवढंच कारण. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी मी तुम्हाला ‘घाई करू नका’ लिहिलं.

इथे आल्यावर मी सदरा स्वतः धुतला आणि दोरीवर टाकला. काल भर दुपारची गोष्ट. वारा नव्हता. सुखीबाईचं लुगडं, देवीलालचा पायजमा, सगळं जागच्या जागी लटकलेलं. चौकड्यांच्या सदऱ्याची डावी बाही तेवढी हलली. दोनदा, मग थांबली. पुन्हा दोनदा. सुखीबाई भाकरी थापत होती. तिने पाहिलं आणि तव्यावरची भाकरी करपू दिली. नंतर एवढंच म्हणाली, “बाप्पा, देऊन टाक ना त्याले जबाब. कायले उभं करून राह्यला लेकराले उन्हात?”

हसायला मला जमलं नाही.

कदाचित हे सगळं माझ्या डोक्यातलं असेल. ऊन लागलं असेल, तेलाचे ठसे आधीचे असतील. तू शिकलेली आहेस, तुला तसं वाटलं तर मी भांडणार नाही. पण भूतखेत बाजूला ठेवून विचारशील तरी माझं उत्तर तेच आहे. रवी कधी उगाच लोळत पडला नाही. संपवायचं तेव्हा संपवा म्हणणारा तो गडी होता, आणि ऐकणारा जोडीदार त्याने मला केलं होतं. नळी काढून त्याला घरी नेऊ या. हे मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. आईला हे तू सांगू नकोस. तिला उठवून बसवलं मी, सांगायचंही मीच.

शनिवारी पहिल्या गाडीने निघतो. सदरा धुऊन, घडी करून सोबत आणतोय, तो बुजगावण्याचा नाही, त्याचा आहे. पंजाबरावांना सांगून टाकलं की मडक्याशी दुसरा कोणी लढवा. त्यांनी शिव्या दिल्या आणि मग नाक शिंकरत माझ्या वाटेच्या भाकरी बांधून दिल्या.

आईला तेवढे दोन दिवस कोणाला त्याचा हात दाबायला लावू देऊ नको. तो कोणाला जबाब देणार नाही, ताई. जबाब माझ्याकडे राहिला आहे. मी येऊन एकदा दाबेन, त्याच्या मनगटावर, अंगठ्याने. मग तुम्ही दोघी आत या.

मी पोचेपर्यंत त्याचा डावा हात चादरीबाहेर ठेव.

तुझा भाऊ, आणि रवीचा जोडीदार,
राजदीप