मालिकेत नसलेला भाग

अहो आई,

'प्रिय' लिहून खोडलं. आज नाही जमत. शुक्रवारी मला वर्गात निबंध द्यायचाय, आणि आज सकाळी तुमच्या लेकीने, सुनीताताईंनी, फोनवर एक वाक्य इतकं सहज म्हटलं की तेव्हापासून मी घरभर नुसती फेऱ्या मारतेय. कचरा वेगळा करताना प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीत उष्टं टाकलं. आता खालच्या मजल्यावरच्या ओकादा-सान ती पिशवी परत माझ्या दारात आणून ठेवतील. तुम्हाला जाऊन दोन महिने झाले, तरी माझी कामं बिघडवायचं तुम्ही काही सोडलं नाहीत!

सुहासच्या कंपनीने आम्हाला टोकियोला पाठवलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "तो दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसेल, तू काय करशील?" मी विद्यापीठात इंग्रजीतून चालणाऱ्या एका वर्गात नाव घातलं. विषय टेलिनोव्हेला, म्हणजे मेक्सिको-ब्राझीलकडच्या रोजच्या मालिका. किती हसलात तुम्ही! "मालिका बघायला कॉलेज? मग मला तर डॉक्टरेटच द्या."

मीही हसले. पण आतून जरा टोचलंच. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी पुण्याला एम.ए.साठी अर्ज केला होता, तेव्हा तुमचा चेहरा आठ दिवस उतरलेला होता. विद्यापीठाचं पत्र आलंच नाही. "नंबर लागला नसेल गं," तुम्ही म्हणालात आणि भाजी निवडायला बसलात. मीही समोर बसून निवडू लागले.

आमच्या मोरिता सेन्सेईंनी, म्हणजे सरांनी, काम दिलं, घरातल्या मालिका बघणाऱ्या एका माणसाकडून दर आठवड्याला गोष्ट ऐका आणि जशीच्या तशी उतरवा. "सांगणारा कुठे थांबतो, तेही लिहा," असंही ते म्हणाले. मी तुम्हाला निवडलं. खरं सांगू? सोपं होतं म्हणून. पण दर शनिवारी पहिल्याच रिंगला फोन उचलायचात! "सांग तुझ्या जपानी मास्तरला, काल नवरा तिसऱ्यांदा जिवंत झाला." इतक्या वर्षांच्या संसारात दूधवाला आणि कुकर यापलीकडे आपण बोललो नव्हतो. आता तुम्ही तास-तासभर बोलायचात आणि मी एका हाताने भराभर लिहायचे. मला ते आवडायला लागलं होतं, आई. तुम्हाला सांगायचं मात्र राहून गेलं.

आणि मग तो शनिवार. वही समोर उघडी आहे.

"आज काय झालं ठाऊक आहे? सासूने कबूल केलं सगळं. सुनेचं कॉलेजचं पत्र आलं होतं. हिनेच ते कपाटातल्या कागदाखाली सारलं आणि तारीख उलटून जाऊ दिली."

"का पण?"

"घाबरली होती गं. सून गेली की मुलगाही तिच्यामागे जाईल, असं वाटलं तिला."

मी हसत सुटले. लपवलेलं पत्र! टेलिनोव्हेलातला सगळ्यात घासलेला प्रसंग आमच्या डोंबिवलीतही निघाला. "असल्या सासूला सुनेने घराबाहेरच काढायला हवं," मी म्हणाले.

तुम्ही म्हणालात, "हो. तसंच करायला हवं तिने."

त्यापुढे मी वहीत लिहिलंय, 'इथे बराच वेळ थांबल्या. लाईन खराब.'

लाईन खराब! तुमच्या स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता, तोसुद्धा मला ऐकू येत होता. कसं कळलं नाही मला? कळणार तरी कुठून? आपला नंबर लागला नाही हे मी कधीच गिळून टाकलं होतं. वर्गात मी तो प्रसंग तुमच्या आवाजाची नक्कल करून वाचून दाखवला. सगळे हसले. सेन्सेई म्हणाले, निबंध याच प्रसंगावर लिहा.

म्हणून आज सकाळी तीच मालिका बघणाऱ्या सुनीताताईंना विचारलं, तो भाग नक्की कुठल्या आठवड्यातला? त्या म्हणाल्या, "काहीतरीच काय, मृणाल! ती सासू केव्हापासून कोमात आहे. कबूल कशी करेल?"

मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, पत्र, कपाट, कागद. त्या हळूच म्हणाल्या, "आईच्या कपाटातला कागद उचलून बघू का?"

मी नको म्हटलं. जवळजवळ ओरडलेच. का, ते माझं मलाच कळत नाहीये. पाकीट सापडेल याची भीती वाटली, की सापडणार नाही याची?

आई, इतकी वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजत आले! दुसरा अर्ज म्हणून केला नाही. इथे वर्गात बोलताना अजून तळहाताला घाम फुटतो. आणि तुम्हाला मिळालं काय? मी पुण्याला गेले नाही, पण तुमचा मुलगा माझ्यासकट टोकियोला आला. सरळ सांगायचंत ना! त्या बाईच्या तोंडून कशाला? मी आदळआपट केली असती, दोन महिने फोन केला नसता. पण तिसऱ्या महिन्यात केला असता हो. तेवढाही भरवसा नव्हता माझा?

की मीच कधी तसा भरवसा दिला नाही?

माफ केलं, असं आज लिहिणार नाही. तुम्ही लगेच म्हणाल, तोंडदेखलं बोलू नकोस. पण तो प्रसंग निबंधातून काढतेय. सेन्सेईंना सांगेन की तो मालिकेतला नव्हता, माझी ऐकण्यात चूक झाली. हसण्यावारी नेलं ते नेलं, आता त्यावर मार्क नाही घेणार.

आणि एक कबूल करते. इथल्या एम.ए.चा फॉर्म आणून ठेवलाय, तो उद्या भरते. निकालाचं पत्र घरी टपालाने येतं. येईल तेव्हा ते तुमच्या फोटोसमोर बसून फोडीन आणि हो असो वा नाही, पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचीन. तुम्हाला ऐकावंच लागेल.

तुमचीच,
मृणाल