काळा म्हणून घेतलेला जांभळा चष्मा

मस्तगड, जालना
शुक्रवार, दुपार

आदरणीय आत्या,

तुझ्या आर्यनचा मानाचा जय भीम. तातेराव मामांना जय भीम, दीपमाला वहिनीला जय भीम, आणि शेजारच्या चांगुणाबाईंना एक वेगळा जय भीम देऊन टाक, सगळ्यांमधला दिलेला त्यांना चालत न्हाई. मी इथं बराबर आहे. जेवण टायमावर आहे, नळाला पाणी आलं की आंघोळपण आहे. तुझे गुडघे कसे आहेत? मामांचा खोकला? शेळी व्याली का? (खरं म्हणजे शेळीचंच आधी विचारणार होतो, पण माणसांचं आधी विचारावं हे तूच शिकवलंस.) पत्रात मोठ्यांना 'तुम्ही' लिहायचं असतं म्हणे, पण तुला तुम्ही म्हटलं की दुसऱ्याच कुणाच्या आत्याला लिहून राह्यलो असं वाटतं, तर तूच राहू दे. फोन सोडून पत्र कशाला, असं मामा विचारतील. त्यांना सांग, फोनवर तू माझं बोलणं मधेच तोडतेस, कागदावर तोडता येत न्हाई. वरचं अक्षर जरा मोठं पडलंय, खाली जाता जाता बारीक होत जाईल, ते मनावर घेऊ नको. कागद थोडे आणि बोलायचं फार. पत्र घेऊन उद्या जीपवाला कल्याण येईल, त्याला बसव, चहा दे. त्याला जल्दी न्हाई.

शनिवारच्या डोळ्यांच्या शिबिराला तू येत न्हाईस, हा वहिनीचा निरोप पोहोचला. मोतीबिंदू अजून पिकला न्हाई, पिकू दे, मंग थंडीत बघू, असं म्हणालीस म्हणे. ठीक आहे. त्याबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार न्हाई. हे पत्र फक्त तुझे उपकार मानायला आहे, आणि उपकार एवढे आहेत की दुसऱ्या विषयाला जागाच न्हाई.

आत्या, आपल्या घराण्यात मला सगळे भटक्या म्हणतात. एका जागी टिकत न्हाई, निघतो एकीकडं आणि पोहोचतो तिसरीकडं. यातलं निम्मं खरं आहे, आणि उरलेल्या निम्म्याचं कारण एसटीचे बोर्ड होते. तीर्थपुरीच्या स्टँडवर गाडी आली की मला काचेमागं एक पांढरा डाग दिसायचा. लांबलचक डाग असला की घनसावंगी, एवढं कळायचं. पण जालना, अंबड, परतूर हे सगळे डाग साधारण एकाच मापाचे. ज्या डागाकडं जास्त लोक पळाले त्यात मी पण चढायचो. जालन्याला सळयांच्या कारखान्यात बोलावलं होतं तर परतूरला उतरलो, आणि आलोच आहे तर म्हणून तिथं रसवंतीवर उन्हाळाभर चरकापाशी उभा राह्यलो. एकदा तर अंबडला निघालेला मी जांब समर्थला पंगतीत बसल्तो. (जेवण चांगलं होतं, त्याची तक्रार न्हाई. वांग्याच्या भाजीत खोबरं होतं.) कुणाला विचारावं तर म्हणायचे, बोर्ड दिसत न्हाई का? मला वाटायचं टोमणा मारून राह्यले. ते खरंच विचारत होते.

शाळेचंही तेच झालं असणार. मागच्या बाकावरून फळा म्हणजे मला एक काळी म्हैस आणि तिच्यावर बसलेले पांढरे बगळे. त्यामुळं गणित आलं न्हाई. (मराठी का आली न्हाई ते सांगता येत न्हाई, ती तर कानानं पण येते.)

आणि गावभर बोभाटा काय, तर आर्यन रस्त्यात ओळख देत न्हाई, त्याला जालन्याचं पाणी लागलं. बाजाराच्या दिवशी तू रस्त्यापलीकडून हात हालवत राह्यलीस आणि मी तुझ्याकडं बघून, डोळे बारीक करून, पुढं निघून गेलो. मामा तर लई संतापले. तेव्हा तू जे बोललीस ते वहिनीनं मला नंतर सांगितलं. "त्याला गर्व कशाचा असणार? त्याच्यापाशी हाय काय? त्याला दिसत न्हाई." आत्या, माझी बाजू इतक्या वाईट शब्दांत आजवर कुणी घेतली न्हाई, आणि इतकी बराबरही कुणी घेतली न्हाई.

मंग तू मला धरून जालन्याला डोळ्याच्या दवाखान्यात आणलंस. तिथलं तुला आठवतच असेल, तरी लिहितो, मला लिहिताना मजा येऊन राह्यली. भिंतीवर तक्ता होता, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक बारीक होत गेलेली. माझ्या आधी एक केशरबाई होत्या, त्या एकेक अक्षर कीर्तनात म्हटल्यासारखं खणखणीत वाचून राह्यल्या. मी बाकावर बसून सगळं पाठ करून टाकलं. मला कुठं माहीत, ही तपासणी आहे. मला वाटलं परीक्षा आहे. दहावीला झालं ते झालं, निदान डोळ्यात तरी पास व्हावं. माझा नंबर आला तसं मी धाडधाड शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवलं. तपासणारे म्हणाले, नजर एकदम छान आहे, घरी जा. मी निघालो पण. तेवढ्यात तू दारातून म्हणालीस, "सायब, त्याला जरा खालून वर वाचायला लावा."

तिथं माझं सगळं शिक्षण उघडं पडलं. खालून वर मला काही पाठ नव्हतं. वरचं सगळ्यात मोठं अक्षर पण मी दुसरंच सांगितलं. मंग ती जड लोखंडी फ्रेम नाकावर ठेवून काच बदलत विचारत राह्यले, हे बरं का हे बरं? मी दोन्ही बरे म्हणायचो, एवढा मोठा माणूस आपल्यासाठी मेहनत घेऊन राह्यला, एकाला नाव कसं ठेवायचं. तू पाठीत बुक्की घातलीस तेव्हा खरं बोलायला लागलो. तुझ्या त्या बुक्कीमुळं माझा नंबर बराबर निघाला, हे डॉक्टरांनाही माहीत न्हाई.

पुढं मस्तगडला रामप्रसादभाऊच्या दुकानात चष्मा घ्यायला गेलो. आत्या, चष्मा निवडण्यात एक मोठी अडचण आहे, ती कुणी आधी सांगत न्हाई. दुकानातल्या फ्रेमला नुसती साधी काच असते. ती घालून आरशात बघितलं तर आरशात एक ढग आणि ढगाला दांड्या. म्हणजे चष्मा निवडायला आधी चष्मा पाहिजे. रामप्रसादभाऊ काहीही घातलं तरी हिरो दिसता म्हणायचे, त्यामुळं त्यांचा उपयोग न्हाई. सगळा भार तुझ्यावर. गोल फ्रेमला तू घुबड म्हणालीस. सोनेरीला म्हणालीस, व्याजानं पैसे देणारा दिसतो. मंग ती जाड फ्रेम घातली आणि तू मागं सरून बघितलंस, आणि म्हणालीस, ही काळी घे, शिकलेला वाटतोस, निदान लांबून तरी.

आता गंमत ऐक. ती फ्रेम नाकाजवळ धरली तर मला जांभळी दिसल्ती. चांगली पिकल्या जांभळासारखी. पण तू काळी म्हणालीस. मी म्हटलं, आपले डोळे बिघडलेले, आत्याचे चांगले, तिचंच खरं. रामप्रसादभाऊंना विचारलं तर म्हणाले, ताई म्हणतात तोच रंग.

चष्मा तयार होऊन हातात आला तेव्हा तू तीर्थपुरीला परत गेल्तीस. दुकानाच्या पायरीवरच घातला. समोरच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. आत्या, कुरडईला तारा असतात. म्हणजे ताटात माहीत होतं, पण गच्चीवरच्या कुरडईच्या तारा रस्त्यावरून दिसतात हे कुणी सांगितलं न्हाई. मी एक एक कुरडई बघत उभा राह्यलो, तर राखणीला बसलेली म्हातारी वरून ओरडली, काय टपून राह्यला रे. आधी माझ्याकडं कुणी रागानं बघितलं तर मला कळायचंच न्हाई. आता कळतं. हा एक तोटा आहे, पण बाकी फायदाच. पार्सल वाटायचं काम टिकून राह्यलंय. आधी घरावरचं नाव वाचायला फाटकाला नाक लावायचो, लोक म्हणायचे काय हुंगून राह्यलास. आता गाडीवरूनच वाचतो आणि नावानं हाक मारतो, तर लोक खुर्ची देतात. चष्मा शर्टाला पुसत न्हाई, पाण्यानं धुतो, काचेवर चरे पडतात म्हणून. मोबाईल पण नाकापासून लांब धरतो. हे सगळं तुझ्यामुळं. दुसऱ्या आत्या भाचरांना टोपडं घेतात, तू मला सगळा जालना जिल्हा घेऊन दिलास.

आणि हो, चष्मा जांभळाच आहे. इथं सगळे मला जांभळा चष्मा म्हणूनच ओळखतात.

मागच्या रविवारी तुला चष्मा दाखवायला आल्तो. तू ओसरीवर वंदना घेत बसल्तीस, पुस्तक उघडं, बोट ओळीवर, नाकावर मामांचा तो दांडीला दोरा बांधलेला चष्मा. (तुम्ही दोघं एकच चष्मा वापरता हे मी डॉक्टरला सांगितलं, तर ते म्हणाले, एकाच मापाची चप्पल तरी घालतात का दोघं?) मी समोर बसलो. नव्या चष्म्यातून पहिल्यांदा तुझा चेहरा नीट बघितला. कपाळावरच्या आठ्या सगळ्या ओळखीच्या निघाल्या. पण उजव्या डोळ्याच्या काळ्यात, मधोमध, चहाच्या गिलासाला वाफ धरावी तसं पांढरं होतं. मंग नजर पुस्तकावर गेली. वहिनीला सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर घालायची सवय, तिच्या अंगणवाडीची शिस्त. तू पंचशील म्हणून राह्यलीस, एक शब्द इकडचा तिकडं न्हाई, आणि मांडीवर मामांचं मोसंबीवरच्या रोगांचं पुस्तक होतं. तुझं बोट डिंक्या रोगाच्या चित्रावरून फिरत होतं.

मला केशरबाईंचं ऐकून केलेलं माझं पाठांतर आठवलं. मला पकडणारी तू, आणि तुला पकडायला मी, हे काही बरं दिसत न्हाई. पण चहा देताना तुझ्या बोटांवरचे चटके दिसले. वहिनी म्हणाली, भाकरी तव्यावर टाकताना रोज एक.

मी डॉक्टरांना सहज विचारलं. (तुझं नाव घेतलं न्हाई, आमच्याकडच्या एक बाई आहेत म्हणालो.) ते म्हणाले, पिकायची वाट आता कुणी बघत न्हाई. लई पिकला की कडक होतो, डोळ्यात दाब वाढू शकतो, मंग काढणं अवघड. उन्हाळा असो का थंडी, फरक पडत न्हाई. आत्या, मागच्या साली मामांनी भाव येईल म्हणून मोसंबी झाडावर ठेवली आणि सगळी गळून पडली, तेव्हा बांधावर उभं राहून वेळेवर तोडायची अक्कल कुणी शिकवल्ती? चांगुणाबाईंच्या घरापर्यंत ऐकू गेल्तं म्हणे.

पण मी त्याबद्दल लिहिणार न्हाई म्हणालो होतो, म्हणून इथं थांबतो. मोठ्यांना जय भीम, शेळीला चारा. चुकलं असेल तर दोन शिव्या दे, ऐकू यायला चष्मा लागत न्हाई.

तुझा, आता दिसायला लागलेला,
आर्यन

ता. क. हे सगळं तोंडी सांगायला मीच येणार होतो. काल स्टँडवर चष्मा लावून, बोर्ड बराबर वाचून, परतूरच्या गाडीत बसलो. रसवंतीवाल्याला चष्मा दाखवायचा होता. तेव्हा भटकण्याचा सगळा दोष एसटीच्या बोर्डावर घातला तो जरा कमी करून वाचावा.

ता. क. (अजून बारीक अक्षरात) अक्षर खाली बारीक होत गेलंय ते कागदासाठी न्हाई. दवाखान्यातला तक्ता असाच असतो. आत्या, ही ओळ तू स्वतः वाचत असशील, तर तुझे डोळे चांगले. कल्याणला चहा पाजून परत पाठव, मी शिबिराचं नाव पुन्हा काढणार न्हाई, शपथ. पण वहिनी वाचून दाखवत असेल तर आज शनिवार आहे, कल्याणची जीप दारात आहे, आणि ती चहासाठी आलेली न्हाई. शेळी चांगुणाबाई बघतील, तो वेगळा जय भीम त्यासाठीच होता. हे पत्र तुला पाठ न्हाई, म्हणून सांगतो, खालून वर वाचायची पण गरज न्हाई.

ता. क. (मुंगीएवढ्या अक्षरात, फक्त वहिनीसाठी) वहिनी, हे मोठ्यानं वाचू नको. आत्याचं लुगडं, टॉवेल आणि औषधं पिशवीत भर. वर मामांचं मोसंबीचं पुस्तक ठेव. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा तेच वाचायला द्यायचं. वंदनेचं देऊ नको. ते तिला पाठ आहे.