भाऊबीजेच्या आधीची सुई

२८ सप्टें., रविवार

आधी सगळ्यांच्या तब्येती. ह्यांना ताप नाही, तोंडाला चव नाही, वरणाचं पाणी तेवढं पोटात गेलं. सकाळी उशीवर केस राहतात, ते मी उठायच्या आत झटकून टाकते. वन्संचा गुडघा सुजलाय, खोकला आहेच, तरी त्यांच्या वस्तीवरून पायी आल्या भावाला बघायला. अनिल नगरला बरा, नागापूरच्या कंपनीत रात्रपाळी लागलीय म्हणून आवाज पेंगुळलेला. सून, नात मजेत. गाय बरी. माझं काय, चाललंय.

परवा शुक्रवारी ह्यांची तिसरी किमो झाली. नगरच्या डॉ. बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, थंडी पडायच्या आत घरातल्या सगळ्यांनी फ्लूची सुई घेऊन टाका. ह्यांच्या अंगात सध्या झुंजायची ताकद नाही. त्यांनाही पुढं देऊ, पण ती पुरती लागू पडेलच असं नाही, म्हणून जवळ वावरणाऱ्यांनी घ्यायची. आपल्याला जी साधी सर्दी ती ह्यांना न्यूमोनिया. सुई लागू व्हायला दोन आठवडे जातात. आणि भेटायला येणारी माणसं कमी करा.

मी मान हलवली.

सुईचं नाव काढलं की माझा डावा दंड आपोआप दुखतो. लग्नाआधी पायाला खुरपं लागलं होतं तेव्हा धनुर्वाताची दिलेली. दंड पिकला, चिरावा लागला. खळगा अजून आहे. त्यात मला ताप आला तर ह्यांचं कोण करणार? दोन दिवस लांब राहायचं म्हटलं तरी घर कुणावर टाकू?

आणि वन्संना कसं सांगायचं? ते तर…

३० सप्टें., मंगळ.

सांगितलं. भाकरी थापता थापता सांगितलं, म्हणजे तोंड चुलीकडे राहतं.

वन्संनी चुलीत एक काटकी सारली. मग, “कौसा, आमच्या मालकांना कशानं नेलं, ठाऊक हाय ना तुला?”

ठाऊक आहे. कोरोनाच्या दिवसांत दाजी चांगले चालत सुई घ्यायला गेले. मागोमाग ताप, आठवड्यात संपले. दवाखान्यात म्हणाले, रोग आधीच अंगात शिरलेला होता, सुईचा दोष नाही. वन्संनी ते कधीच मानलं नाही. मी मानलं का? त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही, एवढंच.

ही सुई वेगळी, रोग वेगळा, हे मी म्हणून बघितलं. त्यांनी ऐकलंही. मग म्हणाल्या, “तू बी सुई घिऊन आडवी झालीस तर माझ्या भावाला कोन बघंल? मी म्हातारी? मला उठवायलाच दोन मानसं लागत्यात.” आम्ही दोघी हसलो. पण हसताना त्यांनी माझ्या दंडाला हात लावला, खळगा बरोब्बर सापडला त्यांना. तो दंड पिकलेला त्यांनी पाहिलेला नाही, मीच कधीतरी सांगितलेलं.

मग आत जाऊन भावाच्या तळपायांना तेल लावत बसल्या. ह्यांना दुपारची झोप तेव्हाच लागते.

अनिलचा फोन. “आई, यात विचार काय करायचाय? घेऊन टाक.” त्याला काय, त्याला आत्याच्या तोंडाकडे बघायचं नाही.

२ ऑक्टो., दसरा

आज मी ठरवलं होतं. ओट्यावर ताट मांडलं, पाट ठेवला, आपट्याची पानं इथंच ठेवा, आत पेशंट आहे म्हणून सांगायचं.

कुणाला सांगणार? पहिलीच शेजारची म्हातारी, ती पानं घेऊन सरळ आत. आजारी माणसाला न भेटता सणाच्या दिवशी परत जायचं असतं का, तीच मला विचारते. मग रांग लागली. प्रत्येकजण सोनं देतो, पायाला हात लावतो, हे त्याचा हात धरून ठेवतात. पुण्याचा पुतण्या आला, नाक लाल. मी म्हटलं, अरे तुला सर्दी दिसते. “काही नाही काकू, एसीची आहे.” आणि काकांच्या गळ्यात पडला.

मी चहाचा ट्रे धरून उभी. घरचं पोर, सणासाठी इतक्या लांबून आलेलं. त्याला ओढून बाजूला काढायचं कसं? मला नाही जमलं.

पण हे किती खुलले. कितीतरी दिवसांनी भजी मागितली, अर्धं भजं खाल्लंही. वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या, “बघ. औषिध हे हाय.” मलाही तसंच वाटलं तेव्हा.

४ ऑक्टो., शनि.

ह्यांना ताप. सकाळपासून हुडहुडी. अनिल गाडी घेऊन निघालाय. कपडे भरले, फाईल घेतली. चष्मा सापडत

५ ऑक्टो., रवि. (नगर, दवाखाना)

ह्यांना वेगळी खोली दिलीय. पांढऱ्या पेशी फार उतरल्यात. नळीतून औषध चालू. मी बाहेर बाकावर. आत जाताना मास्क, हात धुवायचे, मग जायचं. दारावरचा कागद वाचला. अनिलच्या शाळेच्या पुस्तकांवर शिकलेली मी, अर्धाच कळला. उरलेला नर्सला विचारला, तिनं न कंटाळता सांगितला. भलं होवो तिचं.

डॉ. बाईंनी विचारलं, घरात कुणी खोकत होतं का? म्हटलं, दसरा होता. त्यांनी फाईलीत काहीतरी लिहिलं. चार शब्द रागावल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

हा ताप कशाचा ते तपासतायत. फ्लूचाच असं नाही, पोटातलाही असू शकतो म्हणाल्या. अनिल पुण्याला फोन लावायला निघाला होता, मी हातातला फोन काढून घेतला. पोर जन्मभर मनाला लावून घेईल.

वन्संचा फोन आला. त्यांना यायचंय. नको म्हटलं, आत सोडत नाहीत. “लांबूनच बघंन की.” मग नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

६ ऑक्टो., सोम.

ताप उतरला. देवा.

आत गेले तर पहिला प्रश्न, “अक्काला कळवलं का? म्हणावं, भाऊबीजेला मी घरीच आहे.” ओठ सुकलेले, पण हे बोलले नीट. आठवतंय तेव्हापासून ह्यांची एकही भाऊबीज चुकलेली नाही. दरसाल हेच वन्संकडे जातात. यंदा त्या आपल्याकडे येणार असं गणपतीतच ठरलंय.

भाऊबीज तेवीसला. वन्सं समोर बसणार, कपाळाला बोट लावणार, तोंडात घास घालणार, त्यांचा तो खोकला. आणि मी तर चोवीस तास जवळ. बाकावर बसून एवढंच डोक्यात घोळत राहिलं. डॉ. बाई दिसल्या तेव्हा त्यांना विचारलं, मला ताप येईल का? म्हणाल्या, एखादा दिवस येईल, दंड दुखेल, फ्लू मात्र ह्या सुईनं होत नाही. मला हे मागंही सांगितलेलं त्यांनी. आज कानात शिरलं.

खाली जाऊन घेतली. उजव्या दंडात. डोळे मिटून बसले होते, नर्स म्हणाली, “आजी, उघडा डोळे, कधीच झाली.”

डोळे मिटल्यावर दाजी दिसले. धुतलेलं धोतर, टोपी, सुई घ्यायला निघालेले. वन्संच्या पाठीमागं काहीतरी केल्यासारखं वाटत राहिलं दिवसभर.

७ ऑक्टो.

अंग कसकसतंय, एक गोळी घेतली. ह्यांच्या खोलीत आज अनिल, त्यानंही काल घेतली. दंड जड. पिकणार नाही, नर्स सांगते. तरी हात तिथंच जातो.

८ ऑक्टो., बुध. घरी

दुपारी आलो. हे अंथरुणावर पडतात न पडतात तोच वन्सं, मऊ भाताचा डबा घेऊन. मी ओट्यावरच आडवी गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दारात थांबवलं.

आधी माझं सांगितलं, मी घेतली म्हणून. त्यांनी माझ्या दंडाकडे बघितलं. मग डॉ. बाईंचं सांगितलं, जवळ बसणाऱ्यांनी घेतलेली बरी, आज-उद्या घेतलीत तर भाऊबीजेपर्यंत लागू होईल, अनिल गाडीतून नेईल, मी बरोबर येते. तोवर मास्क लावून दारातून बोला. सगळं एका दमात बोलून गेले, थांबले असते तर बोलणं झालंच नसतं.

वन्सं हळूच म्हणाल्या, “ज्या सुईनं माझं कुंकू पुसलं, ती दंडात घिऊन भावाला ववाळू?”

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, पदर सावरला, गेल्या. आतून हाक आली, “अक्का आली का?” मी म्हटलं, येऊन गेल्या, तुम्ही झोपला होता.

हे झोपले नव्हते. दोघांनाही माहीत.

९ ऑक्टो., गुरु.

तब्येती. हे: ताप नाही, दोन घास जास्त. मी: दंड मोकळा. वन्सं: माहीत नाही.

आल्या नाहीत. फोन वाजतो, उचलत नाहीत. दुपारी ह्यांच्या पायांना तेल मीच लावायला बसले. ह्यांनी पाय हळूच ओढून घेतले. “राहू दे, तुझे हात दुखतील.”

अनिल म्हणतो, आत्याला गाडीत घालून घेऊनच जातो, तिथं गेल्यावर घेईल. त्याला दटावलं. शेरडू आहे का उचलून न्यायला? ज्या बाईचा माणूस गेला तिला धाकानं सुई टोचायची नाही. मग ह्यांच्याशी बोलायला बसले. म्हटलं, तुम्ही सांगा वन्संना, तुमचं ऐकतील. भिंतीकडे बघून म्हणाले, “मी सांगितलं तर ती घेईल. म्हणूनच सांगत नाही.”

डॉ. बाईंना फोन. एक-दोन दिवस इकडंतिकडं चालेल म्हणाल्या, त्याच्या पुढं ढकलू नका. वन्संचं वय आणि तो खोकला बघता त्यांनी स्वतःसाठीही घ्यायला हवी, हेही म्हणाल्या. ते तर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळे ह्यांच्याच जिवाचं बघतोय.

१० ऑक्टो., शुक्र.

फोन उचलत नाहीत म्हणून चिठ्ठी लिहिली. शेजारचे अण्णा डेअरीला दूध घालायला त्याच वाटेनं जातात, त्यांच्याकडे दिली. आठवणीसाठी इथं उतरवून ठेवते.

“ती. वन्संना कौसाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? खोकल्याला काढा घेताय ना? इकडे तुमचा भाऊ बरा आहे, काल ताकभात खाल्ला. दाराकडे बघत असतो.

वन्सं, दाजींना सुईनं नेलं की तापानं, मला माहीत नाही. दवाखान्यातले काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही काय सोसलं ते मला ठाऊक आहे. तुम्हाला खोटं पाडायला मी सुई घेतली नाही. मी ह्यांच्या उशाशी बसते म्हणून घेतली. घेताना मला दाजीच दिसले, भीतीही वाटली. माझा दंड येऊन बघा, पिकला नाही.

तुम्ही घेतलीत तर मी तुमच्या शेजारी बसेन, हात धरून. नाही घेतलीत तर माझ्या मनात तुमच्याबद्दल काही येणार नाही. पण भाऊबीजेला सुई न घेता तुम्ही ताट घेऊन दारात उभ्या राहिलात, तर मी दार उघडीन की लावून घेईन, हे मला खरंच सांगता येत नाही. दोन दिवस स्वतःला विचारतेय. ते त्या दिवशी, दिवा पेटलेला असताना, दारात ठरायला नको. म्हणून हो किंवा नाही, जे असेल ते अण्णांच्या हाती दोन ओळी लिहून धाडा. उद्यापर्यंत धाडा. वाट बघते.”

अण्णा परत आले. चिठ्ठी वन्संच्याच हातात दिली म्हणाले. त्यांनी चष्मा आणायला सांगितला, ओट्यावर बसून वाचली, घडी घालून कनवटीला लावली. अण्णा उद्या दूध घालायला पुन्हा तिकडूनच जातील.