लाईट गेली नव्हती

१२ नोव्हें., बुध.
भोरच्या क्लासहून एसटीत कापूरहोळपर्यंत उभीच. किकवीत उतरले तेव्हा सात. घरचा कॉम्प्युटर परत रडतोय. जुन्या विंडोजचे अपडेट बंद, नवं या डबड्याला झेपणार नाही. क्लासमध्ये पोरांना विंडोजऐवजी फुकटच्या लिनक्सचं कौतुक सांगते, आणि घरी हे! इतकं जुनं मशीन की पेनड्राइव्हवरून सुरू होत नाही. म्हणून क्लासमध्येच लिनक्सची डीव्हीडी राइट करून आणली. दोन वाया गेल्या, तिसरी लागली. रविवारी बसायचं.

१६ नोव्हें., रवि.
हे शिफ्टला. आत्या सकाळी विहारात वंदनेला. घर रिकामं, दहाला बसले. फोटो, क्लासचे पेपर, ह्यांची कागदपत्रं, सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. डीव्हीडी घातली, घरघर सुरू. विचारलं, जुन्याच्या शेजारी टाकू की डिस्क पूर्ण पुसून टाकू? जागा कमी होती. पुसून म्हटलं. पट्टी सरकत होती आणि मी आरामात चहा पीत होते. झाल्यावर फोटो काढून स्टेटस: 'विंडोजला टाटा'. पोरांचे अंगठेच अंगठे. फुगले नुसती.

तीनला आत्या नेहमीसारख्या चष्मा पुसत स्टुलावर बसल्या.
"मनीषा, माझं फूल कुठं गेलं गं?"

सूर्यफुलाचं चित्र, त्यांचं लॉगिन. मीच काढून दिलं होतं, चार वर्षांपूर्वी, त्या अंगणवाडीतून रिटायर झाल्या तेव्हा. पासवर्ड त्यांचा त्यांनी टाकला, मलाही सांगितला नाही. "माझं मी लिव्हणार, कुणी वाचायचं न्हाई." कीबोर्डवर नेलपॉलिशनं अक्षरं काढून दिली. रोज तीनला एका बोटानं टक, टक. सून म्हणून मी एवढी एकच गोष्ट त्यांच्यासाठी धड केली असेल. आणि आज मी फक्त माझ्या खात्यातलं उचललं. त्यांचं आठवलंच नाही. आठवलंच नाही!

म्हणाले, "आत्या, मधेच लाईट गेली. उडालं सगळं."
तोंडातून कसं गेलं माहीत नाही. लाईट गेली नव्हती.
"सगळं?"
"हो."
"बरं," म्हणाल्या. मग उठून वाळवणातल्या शेंगा आत घेतल्या.

१७ नोव्हें., सोम.
सकाळच्या बॅचला सवयीनं म्हणाले, "आधी बॅकअप, मग बाकीचं." ठसका लागल्याचं सोंग केलं. स्टेटस काढून टाकला.
घरची हार्डडिस्क काढून बॅगेत घालून नेली होती. क्लास सुटल्यावर पुसलेलं परत मिळवायला रिकव्हरी लावली. आत्यांच्या चार फाइलींची नावं सापडली. माहेर. पहिली अंगणवाडी. धाकट्याचं दुखणं. मनीषा.
शेवटचं उघडलं. वाचायला नको होतं, तरी उघडलं. आत अक्षरांऐवजी नुसते चौकोन.
चोर ते चोर, वर नालायक.

१८ नोव्हें., मंगळ.
स्टँडवर आत्यांना वायरमन संतोष भेटला आणि त्यांनी त्याला चारचौघांत झाडला. मी तिथंच, एसटीची वाट बघत.
"माझ्या अंगणवाडीत तुला शी-शू शिकवली रं मी! आन तू माझी चार वर्सं घालवलीस? लाईट घालवायच्या आदी सांगाय काय जीभ झडती का?"
तो बिचारा, "बाई, रविवारी? रविवारी न्हाई गेली वो..."
"म्हंजी माझी सून खोटं बोलती?"
तो माझ्याकडं बघायला लागला. मी मोबाईलमध्ये बघत होते. मोबाईलवर काहीच नव्हतं. मग बाकीचे सुरू झाले, आमची मोटर जळाली, आमचा टीव्ही गेला. एसटी आली. मी चढले.

१९ नोव्हें., बुध.
आज तर कहर. आत्या म्हणाल्या, वीजवाल्यांच्या हापिसात अर्ज द्यायचा. मी सांगते, तू टाईप कर.
म्हणजे नव्या लिनक्सवर टाईप झालेलं पहिलं मराठी पान काय, तर संतोषविरुद्धचा अर्ज. टायपिंग माझं. 'सदर कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्दही मीच सुचवले, त्यांना 'आळशीपणा' लिहायचं होतं. माझ्या हाताला काय झालं होतं? तो कंत्राटी आहे, एका अर्जावर काढून टाकतील. बायको आहे, दोन लेकरं आहेत.
प्रिंट काढ म्हणाल्या तर सांगितलं, लिनक्सवर प्रिंटर चालत नाही. चालतो. दुसरं खोटं.

२० नोव्हें., गुरु.
आत्या तीनला परत बसल्या म्हणे. हे सुट्टीवर होते, त्यांनी सांगितलं. रात्री मला नवं फूल लावायला लावलं, नवा पासवर्ड टाकला, मला तोंड फिरवायला सांगून. "जाऊ दे. लाईटीफुडं कुणाचं चालतं? आठवंल तसं लिव्हीन." खुशीत होत्या. मला जेवण गेलं नाही. हे म्हणाले काय झालं. डोकं दुखतंय म्हणाले. किती खोटं बोलणार मी.

२१ नोव्हें., शुक्र.
संध्याकाळी संतोष दारात. खांद्यावर बॅटरी. घामाघूम.
"जय भीम, बाई. चुकलं माझं. मला आठवत न्हाई, पर गेली आसंल एखांद्या टायमाला. घरची जुनी बॅटरी हाय, वहिनी, तुमच्या बंद यूपीएसला लावतो. परत आसं व्हनार न्हाई. अर्ज लिव्हलाय म्हनं, तेवढा नका देऊ."
न केलेल्या गोष्टीची माफी मागत होता, आणि मी चहात साखर घालत होते. दोनदा घातली. खाली बसून वायरी जोडल्या त्यानं, तोंडात स्क्रू धरून. आत्यांनी पाठीवरून हात फिरवला, "जा, न्हाई देत अर्ज."
तो जाताना मला म्हणाला, "वहिनी, राग नाय ना?"
धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

२२ नोव्हें., शनि.
सांगितलं.
क्लास अर्धा दिवसच होता. तीनला, त्या टाईप करत असताना. उभ्यानंच. लाईट गेली नव्हती, आत्या. मीच पुसलं. तुमचं खातं घ्यायचं विसरले. संतोषचा काही संबंध नाही.
त्यांचं बोट 'क'वर होतं. तिथंच राहिलं.
ओरडतील वाटलं. ओरडल्या असत्या तर सोसलं असतं. म्हणाल्या, "लाईटीनं नेलं म्हनून परत बसत व्हते मी. लाईटीवर काय रुसायचं? आता तू नेलंस म्हंतीस. आता बोट उचलंना."
बंद करायचं बटन कुठं, विचारलं. दाखवलं. बंद केलं.

२५ नोव्हें., मंगळ.
बोलत नाहीत. ताट वाढून देतात, पाणी ठेवतात, बोलत नाहीत. ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आईला सांगायला सहा दिवस लागले तुला?" बरोबर आहे.
तीन वाजता स्टूल रिकामं. क्लासमध्ये असले तरी तीनला घड्याळाकडं लक्ष जातं.

२८ नोव्हें., शुक्र.
मीच आत्यांना म्हणाले, रविवारी संतोषकडं जाते, खरं सांगते. तुम्ही येता का?
"एकटी जा." सहा दिवसांतला पहिला शब्द.

३० नोव्हें., रवि.
गेले. संतोष खांबावर, मार्गासनीकडं कुठंतरी काम निघालेलं. बायको घरी. किती आनंद तिला! खुर्ची पुसून दिली. "बाईंचा राग गेला का वो? चार दिस जेवलं न्हाईत हे." पोरगं माझ्याकडं बघतंय. जिभेवर आलेलं सगळं... बॅटरी छान चालते, एवढं सांगून चहा पिऊन आले. लाज वाटते लिहायलासुद्धा.

आत्या ओट्यावर लसूण सोलत होत्या.
"काय म्हनला?"
"भेटला नाही. घरी नव्हता."
"बायकू व्हती ना?"
"होती."
"मंग?"
"चहा पिऊन आले."
माझ्याकडं बघितलं. आठ दिवसांत पहिल्यांदा नीट. "काय बाई हाईस! स्टँडवर समद्यांम्होरं त्याची आब्रू गेली. ती काय तुज्या चहानं येनार हाय?"
"उद्या जाते परत."
"घरी नगं. स्टँडवर. साडेसातच्या एसटीला समदी आसत्यात."

हो म्हणाले. मग धीर करून विचारलं, आत्या, परत लिहाल ना?
लसणाची सालं सुपात गोळा केली, उठल्या.
"आदी तू जाऊन ये."