जो हरेल तो आधी बोलेल

७ जानेवारी, बुधवार
दुसरा डावही बरोबरीत. फ्रिजवरच्या पांढऱ्या बोर्डावर नऊच्या नऊ घरं भरली आणि कुणाचीच ओळ नाही. म्हणजे आजही कुणी बोलणार नाही.

नियम श्रीचाच, लग्नाच्या पहिल्या वर्षातला. भांडण झालं की फुली-गोळा. जो हरेल तो आधी बोलेल, आणि ज्यावरून भांडण झालं त्याच्यावरच बोलेल. 'चहा घेतेस का' धरायचं नाही. मुद्दाम हरलेलंही धरायचं नाही. तेव्हा मी दर वेळी हरायचे. शेवटी त्यालाच माझी कीव आली आणि नवरोबांनी बायकोला खेळ शिकवला. आता आम्ही दोघंही चुकत नाही, आणि घरात नुसता कुकर बोलतो.

'सिलेंडर आला.' 'किल्ली घे.' एवढं चालू आहे.

८ जाने., गुरुवार
नवा डाव, सुरुवात माझी. मधल्या घरात फुली. दवाखान्यातून आले की माझी खूण, सकाळी मी गेल्यावर त्याची. दिवसाला एकेक. पूर्वी हा खेळ दोन मिनिटांत व्हायचा, पाठकोऱ्या कागदावर, आणि तो संपेपर्यंत एकाला तरी हसू यायचंच.

राग उतरत नाही. आई आमच्याकडे आठ महिने होती. मी तीन दिवस ट्रेनिंगला भोपाळला काय गेले, परत येते तर तिची खोली रिकामी. श्रीने दादाला फोन करून तिला जुन्या इंदूर भागात, त्याच्या घरी पाठवून दिली. मला न विचारता. का, तर "तिकडे तिला बरं पडेल." दादाचं घर वरच्या मजल्यावर, जिना असा की धडधाकट माणूसही भिंत धरून चढतो. आमचं सुदामा नगरचं घर तळमजल्यावर. दिवसा श्री घरी असतो, त्याचे ड्रॉइंगचे क्लास तीननंतर. मग अडचण काय होती?

मी म्हटलं, "जड झाली ना तुला माझी आई?" त्याने 'नाही' तरी म्हणायचं. मग मीच बोर्ड पुसला आणि नऊ घरं आखली.

९ जाने.
कोपऱ्यात गोळा. अपेक्षा तीच होती. मध्यावर समोरचा बसला असेल तर कोपराच धरावा लागतो. कडेचं घर धरलं की कात्री ठरलेली. कात्री हा श्रीचा शब्द: एका खुणेत दोन ठिकाणी जिंकायची जागा तयार होते, समोरच्याने एक अडवली तरी दुसरी उघडीच राहते.

दवाखान्यात सोनलने मला चिठ्ठीच्या मागे घरं आखताना पकडलं. काउंटरवर माझ्या शेजारी बसते, नागपूरची, इंदूरला येऊन वर्षच झालंय. दोघं नीट खेळले तर कुणीच जिंकत नाही, हे तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग खेळायचं कशाला ताई?" पेशंट आला म्हणून सुटले.

११ जाने., रविवार
आईला भेटून आले. पलंगावर बसून मटार सोलत होती. वहिनीने केस छान विंचरून दिलेले. "मी इथे बरी आहे," तीनदा म्हणाली. मी विचारलं, श्री काही बोलला होता का तुला? तर म्हणे मटार यंदा गोड आहे.

जिन्यात दादाला धरला. "यार नीलू, तुम्ही दोघं आपसमें निपटा ना. मला बीचमें नको घेऊ." सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि मलाच नाही, असं वाटत राहिलं. परतताना रिक्षात रडू आलं, भर रस्त्यात.

१३ जाने.
तिसरा डाव बरोबरीत. मी एकदा कात्रीचा प्रयत्न केला होता, त्याने शांतपणे अडवला. इतकं लक्ष देऊन खेळतो. इतकं लक्ष आईकडे दिलं असतं तर.

१४ जाने., संक्रांत
तिळगुळाची वाटी बोर्डाखाली ठेवून गेले. आजच्या दिवशी गोड बोलायचं असतं, ते आमच्या घरी कोण कोणाला सांगणार. संध्याकाळी वाटीत एक वडी कमी होती, आणि बशीत माझ्यासाठी तिळाची गजक, दुकानातून आणलेली. मला तिळगुळापेक्षा गजक आवडते हे फक्त त्याला माहीत आहे. खाल्ली. राग आला तरी खाल्ली.

बोर्ड कोरा. त्याची पाळी आहे सुरुवातीची.

१७ जाने., शनिवार
चौथा डाव. वरच्या डाव्या कोपऱ्यात गोळा. कोपऱ्यातून सुरुवात झाली की उत्तर एकच, मधलं घर. दुसरं काहीही भरलं तर गेलात. पेन हातात घेतला आणि ठेवला. कंटाळा आलाय मला बरोबर खेळण्याचा. उद्या बघू.

१८ जाने., रविवार
आईकडे. वहिनी भाजी आणायला गेली होती, दादा बाहेर. मी नेहमीसारखी श्रीवर घसरले. बरंच काही बोलले. आईने हातातली वाटी खाली ठेवली.

"गप बस नीलू. मीच सांगितलं त्यांना."

तू भोपाळला होतीस, म्हणाली. सकाळी बाथरूममध्ये पडले. कडी लावली नव्हती म्हणून बरं. श्रीकांतरावांनी उचललं. लुगडं भिजलेलं, आणि नुसतं पाण्याने नाही. त्यांनीच सगळं पुसलं, बदललं, पलंगावर आणून निजवलं. "पण जावयाने माझं असं करायचं? मला त्यांच्यासमोर बसून जेवता येईना. मीच म्हटलं आमच्या मिलिंदला फोन लावा. आणि नीलूला सांगाल तर माझी शपथ आहे."

आणि मग मलाही शपथ. "मी तुला सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस. मग मी तुमच्या दारात कधी येऊ शकणार नाही."

मी तिचा हात धरून बसले. तिच्यावरही राग आला. जावई म्हणजे कोण एवढा, पंचवीस वर्षं त्याच्याशी पत्ते खेळलीस, त्याची चप्पल घालून गच्चीवर जायचीस. पण तिचा चेहरा बघून तिचा पदरच तेवढा सारखा केला.

आता कळतंय तो चुकत का नव्हता. हरला असता तर बोलावं लागलं असतं. आणि मी काय म्हणाले होते, 'जड झाली.' हे तो ऐकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात लिंबाची फोड ठेवतो. लाज वाटते मला, खूप.

घरी आले. खालच्या कडेच्या मधल्या घरात फुली मारली. त्याने मला पहिल्यांदा शिकवली होती तीच चूक. मुद्दाम हरलेलं धरत नाहीत. बघू त्याला कळतं का.

१९ जाने.
त्याची खूण नाही. डाव चालू असताना त्याचा दिवस पहिल्यांदाच चुकला.
सकाळी मी निघाले तेव्हा फ्रिजसमोर उभा होता, दुधाची पिशवी हातात, थेंब गळत होते.

२० जाने.
मधल्या घरात गोळा. आता तिरकी ओळ होते, मला खालचा उजवा कोपरा अडवणं भाग. अडवला. माझ्याही खाली दोन फुल्या झाल्या शेजारी शेजारी, पण उपयोग नाही, तो उद्या खालचा डावा कोपरा भरणार आणि कात्री होणार.

काय बोलायचं ते ठरवतेय. आईचं नाव न घेता. 'मी चुकीचं बोलले' एवढंच. तो विचारेल, अचानक कसं काय? मग?

२१ जाने., बुधवार
भरला. कात्री. डाव्या उभ्या ओळीत एक जागा, तिरक्या ओळीत एक. मी वरचा उजवा कोपरा अडवला. डावीकडचं मधलं घर उघडं आहे. उद्या तिथे गोळा आला की मी हरले.

हरायची एवढी वाट मी कधी पाहिली नव्हती. वाक्य तयार आहे. मोबाइलवर टाइप करून पुसलं, टाइप करून पुसलं.

२२ जाने., गुरुवार
सहा वाजता आले. चपला न काढता आधी बोर्ड.

डावीकडचं घर तसंच रिकामं. गोळा वरच्या कडेला, मधोमध. तिथे त्याला काहीही मिळत नाही. शिकाऊ माणूससुद्धा तिथे भरणार नाही. आणि उजव्या उभ्या ओळीत माझ्या दोन फुल्या, मधलं घर मोकळं, ते त्याने अडवलेलंच नाही.

म्हणजे त्याला कळलं मी मुद्दाम हरतेय. आणि मला हरू द्यायचं नाही म्हणून हा स्वतः हरायला बसला.

उजवीकडे फुली मारली तर मी जिंकते. मुद्दाम हरलो हे तो कबूल करायचा नाही, मग त्याला बोलावं लागेल, त्याच विषयावर, आणि आईची शपथ मोडेल. तो मोडेल, माझ्यासाठी. पुन्हा आईसमोर मान वर करणार नाही. डावीकडे मारली तर तो उजवीकडे अडवेल, नऊ घरं भरतील, बरोबरी, आणि पुन्हा हे घर असंच.

ओट्याशी उभी राहून लिहितेय. चहा ठेवलाय, दोन कप. आज गुरुवार, क्लास लवकर सुटतो. बाहेर गेट वाजलं. स्कूटर स्टँडवर लावली त्याने.

पेनचं टोपण काढलंय. दोन्ही घरं रिकामी आहेत.